गंज पाहू नका, पाठ पाहा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी फिरताना सुताराची हत्यारे दोन तऱ्हेने मांडलेली दिसतात. काही जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर, नटबोल्ट आणि तुटक्या नळांच्या ढिगात, गंजलेली. काही घासूनपुसून, तेलपाणी करून, ‘इंग्लंडचा माल आहे साहेब’ असे सांगून विकायला ठेवलेली. गिऱ्हाईक चकाकीकडे ओढले जाते. माझे मत असे की आधी पोत्यापाशी बसावे.

गंजाला आपण उगाच घाबरतो. वरवरचा तांबूस गंज तेल लावून घासला की निघतो. प्रश्न आहे तो गंजाने खड्डे पाडले आहेत का आणि कुठे पाडले आहेत, हा. पटाशीची धार कशी तयार होते ते पाहा. एका बाजूचा उतार आणि दुसऱ्या बाजूची सपाट पाठ जिथे मिळतात, ती धार. उतारावरचे खड्डे धार लावताना आपोआप झिजून जातात. पाठीवरचे जात नाहीत. पाठीला खड्डा असेल तर धारेला खांडा पडणार, आणि तो घालवला की धार मागच्या खड्ड्यापर्यंत पोचणार. म्हणून पटाशी उलटी करावी आणि पाठीच्या शेवटच्या इंचावरून नख फिरवावे. नख अडकले तर ठेवून द्यावी.

चकचकीत मालाचे दुखणे वेगळे असते. ग्राइंडरवर घाईने घासलेले पोलाद तापते. ते निळे पडले की त्याचे पाणी उतरले असे समजावे. निळेपणा पॉलिशमध्ये लपतो, मऊपणा मात्र लपत नाही. विक्रेत्याची परवानगी घेऊन धारेजवळ बारीक कानस हलकेच लावून पाहावी. घसरली तर पोलाद कडक आहे, सहज चावली तर मऊ. तेवढाच भाग बिघडला असेल तर तो झिजवून मागचे चांगले पोलाद मिळू शकते. पण मग तितकी किंमत कमी करून मागायला लाजू नये.

लोखंडी रंध्याचा तळ बिडाचा असतो. बीड पडले की तडकते, आणि तडा बहुधा पाते बाहेर येते त्या फटीच्या कोपऱ्यात असतो. तिथे ताजा रंग दिसला तर शंका घ्यावी. मूठ तुटलेली असली तर बिघडत नाही. लाकडाची मूठ बनवता येत नाही म्हणून रंधा नाकारणारा सुतार मला तरी अजून भेटायचा आहे! पात्याची मात्र लांबी बघावी. जुन्या लाकडी रंध्यांच्या पात्यांत बरेचदा मऊ लोखंडावर कडक पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. तो थर खालच्या भागापुरताच असतो. झिजून संपला की हातात राहते ती नुसती पट्टी.

गुण्याची परीक्षा बाजारातच होते. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ मारावी, मग तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी मारावी. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. करवत डोळ्यासमोर धरून दात्यांच्या ओळीतून बघावी. निळसर काळे दाते असलेली नवी करवत जुनी म्हणून मुळीच घेऊ नये. ते दाते इतके कडक केलेले असतात की कानस त्यांना लागत नाही.

आता नावाबद्दल. स्टॅनलेने 1869 साली लिओनार्ड बेलीचे पेटंट हक्क घेतले. त्या घडणीचे रंधे पुढे अनेकांनी काढले, त्यात आपल्याकडची अनंतही आली. नाव तेच राहते, पण माल पिढीगणिक बदलतो. निव्वळ छापासाठी दुप्पट पैसे मोजणारा हत्यार घेत नाही, शोभेची वस्तू घेतो.

मला खरी चीड येते ती किलोच्या भावाची. सुतार घरातून गेला की त्याची पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. चार नंबरचा लोखंडी रंधा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. तडकलेलाही जवळपास तेवढाच. पटाशी पाव किलोचीही नसते. काट्याला पोलादाचे पाणी कळत नाही. घरच्यांना मिळते नाश्त्याचे बिल भागेल एवढे, आणि त्याच मोहल्ल्यात काम शिकणारा पोरगा दुकानातून मऊ पोलादाची नवी पटाशी घेऊन दिवसातून चारदा धार लावत बसतो.

भंगाराच्या धंद्यात आपली माणसे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना सांगतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलेपणा बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची (स.) गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तड्यावर रंग मारणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच. उलट तडा दाखवून, चांगली हत्यारे वेगळी काढून विकली तर तुम्हालाही काट्यापेक्षा जास्त मिळेल. आणि ज्यांच्या घरी अशी पेटी पडून आहे त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मोहल्ल्यातल्या एखाद्या कामकरी सुताराला ती उघडून दाखवावी. चहा पाजावा. कुठली पटाशी कितीची, ते तो नख फिरवून सांगेल.