पदवीनंतर पाहू?

'आधी पदवी पदरात पडू दे, मग पाहू' असे मुलांना सांगणे हा शहाणपणा नव्हे. कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरते बोलतो. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा घातली. पिढीजात वकिलाचा मुलगा ती वर्षे बापाच्या कचेरीत सुखाने काढील. आपल्या मुलाला, आणि मुलीला तर अधिकच, पहिला अशील मिळणेही दुरापास्त! तेव्हा विद्यार्थ्यांनो, पहिल्याच वर्षापासून सुट्टीत न्यायालयात जाऊन बसा, दावे-कैफियती वाचा, एखादा ज्येष्ठ वकील गाठा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे बजावणाऱ्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचारा: चवदार तळे केवळ आमचे, हा सवर्णांचा दावा १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात फेटाळला गेला, तो आपले लोक पायरी चढल्यावाचून काय?