सुगंधी तेले आणि मध्यरात्रीचा डास

अंगणात तुळस लावली की घरात डास येत नाहीत, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. दिवेलागणीच्या वेळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची चालही जुनीच आहे. अशा समजुतींची थट्टा करण्याचे कारण नाही. गवती चहा, सिट्रोनेला, रोशा, निलगिरी, लवंग, पुदिना इत्यादी वनस्पतींचे ऊर्ध्वपातन केले असता जी बाष्पनशील तेले मिळतात, त्यांच्या वासाने डास दूर राहतो हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. प्रश्न एवढाच, की कोणता डास, आणि किती वेळ?

बाष्पनशील तेलाचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहेत. तेलाचे रेणू त्वचेवरून उडून हवेत मिसळतात म्हणूनच डासाला त्यांची जाणीव होते. आणि ते उडून जातात म्हणूनच त्यांचा प्रभाव लवकर संपतो. नुसते सिट्रोनेला तेल अंगाला लावल्यास त्याचे संरक्षण बहुधा दोन तासांच्या आतच ओसरते. उलट, भारतातील खेड्यांत हिवताप पसरविणारा प्रमुख डास अ‍ॅनॉफेलीस क्युलिसिफेसीस हा बहुधा रात्री उशिरा, मध्यरात्रीच्या आगेमागे चावतो. संध्याकाळी सात वाजता तेल लावून नऊ वाजता निजलेले मूल त्या वेळी जवळजवळ उघडेच असते. घरात तेल आहे म्हणून मच्छरदाणी बाजूला ठेवली गेली, तर त्या तेलाने उपकारापेक्षा अपकारच अधिक केला असे म्हणावे लागेल.

तेलाचे उडणे मंद करण्याचे उपाय आहेत. ते खोबरेल तेलात मिसळता येते. व्हॅनिलिनसारखा जड सुगंधी पदार्थ घातल्यानेही अवधी वाढतो. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी हे द्रव्य मूळ तेलापेक्षा सावकाश उडते व कित्येक तास टिकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने 2005 साली त्याची शिफारस केली, ती याच कारणाने. कडुनिंबाचे तेल मात्र या वर्गात बसत नाही. ते बियांतून पिळून काढलेले स्थिर तेल आहे. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल तेलात 2 टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून लावल्यावर अ‍ॅनॉफेलीस डासांपासून 12 तास संरक्षण मिळाले होते. इतरत्र झालेल्या चाचण्यांत एवढा अवधी सर्वत्र मिळाला नाही. एका ठिकाणचा निष्कर्ष सर्व देशाला लागू करण्याची घाई म्हणूनच बरी नव्हे.

डासाच्या अळ्या मारण्यासाठीही ही तेले सुचविली जातात. येथे थोडा हिशेब करून पाहावा. पेपरमिंटचे तेल पाण्याच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला 3 मिलिलिटर टाकले असता 24 तासांत बहुतेक अळ्या मेल्याचे प्रयोगात दिसून आले. एक एकर तळ्याचा पृष्ठभाग सुमारे 4,000 चौरस मीटर असतो. म्हणजे एका वेळेस 12 लिटर तेल हवे, आणि तेवढे तेल काढावयास दोन-तीन टन ताजा पाला लागेल. पावसाळ्यात हे पुनःपुन्हा करावे लागणार. त्याच तळ्यात सोडलेले गप्पी मासे अळ्या फुकट खातात! शहरातील टाकीत वाढणाऱ्या अ‍ॅनॉफेलीस स्टिफेन्सायसाठी तर घट्ट झाकण पुरते. पिण्याच्या पाण्यात तेल ओतण्याची कल्पना विचारातही घेण्याजोगी नाही.

तरीही या तेलांचे संशोधन सोडून द्यावे असे नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज होता. 1953 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात डीडीटीच्या फवारणीने रुग्णांची संख्या 1961 पर्यंत 50 हजारांच्या आसपास आली. परंतु त्याआधीच गुजरातेत क्युलिसिफेसीस डास डीडीटीला दाद देईनासा झाला होता. पुढे फवारणीतील ढिलाई व इतर कारणे यांची त्यात भर पडून 1976 साली रुग्ण 64 लाखांवर गेले. 2023 साली नोंदलेली संख्या सव्वादोन लाखांच्या घरात होती. त्यांतील पुष्कळ रुग्ण वनप्रदेशातील आहेत. ओडिशात किंवा गडचिरोलीत पिकाच्या राखणीसाठी रात्रभर माळ्यावर बसणाऱ्या माणसाला घरातील फवारणीचा उपयोग नाही, मच्छरदाणीत बसून राखणही होत नाही. चार-पाच तास टिकणारे, स्वस्त, जवळपासच्याच गवतापासून काढता येणारे तेल अशाच माणसासाठी हवे. रोशा गवताचे तेल खानदेशात व निमाडात पूर्वीपासून काढले जात आले आहे. त्यास हा नवा उपयोग मिळू शकेल.

अट एकच असावी. बाटलीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापण्याऐवजी, हे तेल कोणत्या जातीच्या डासावर तपासले, ते किती तास टिकते व किती वयाच्या मुलाला लावू नये, हे छापण्याची सक्ती हवी. निसर्गातून आलेले सारे निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. निलगिरीचे थोडेसे तेल लहान मुलाच्या पोटात गेले, तर त्याला झटके येऊ शकतात, कापराचेही तसेच. पीएमडीयुक्त तेल तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, अशी सूचना अमेरिकेत वेष्टनावरच दिली जाते.