सोन्याचा मुलामा आणि नकलेचा आरोप

चीनमधील मिंग आणि छिंग काळातल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्य फुलदाण्या पाहिल्या की ‘ही तर शांगकालीन भांड्यांची नक्कल’ हा शेरा ठरलेला. आकार जुना आहे, हे खरेच. कमरेत निमुळते आणि तोंडाशी तुतारीसारखे पसरलेले ‘गू’ हे तीन हजार वर्षांपूर्वी पितरांच्या विधीतले मद्यपात्र होते. डोळे वटारलेला ‘थाओथिए’ मुखवटाही तेव्हाचाच. पण सोन्याचे काय? शांग काळातल्या या पात्रांवर मुलामा नसे. सोने पाऱ्यात मिसळून तो लेप धातूवर चढवायचा आणि तापवून पारा उडवायचा, ही रीत चीनमध्ये त्यानंतर कित्येक शतकांनी रुळली. गिऱ्हाइकाला फसवायचे असेल तर कारागीर हिरवा कळंक चढवील, सोने कशाला लावील? मिंग काळाच्या उत्तरार्धात सोंगजियांगचा नामांकित कारागीर हू वेनमिंग याच्या अनेक पात्रांच्या तळाशी तर त्याचे नाव कोरलेले असते. नकली माल करणारा असा स्वतःचा पत्ता देत नाही.

बनावट माल तेव्हा होताच. 1591च्या सुमारास लेखक गाओ लियानने खोटा कळंक चढवण्याची कृतीसुद्धा लिहून ठेवली आहे. पण त्यावरून मुलाम्याच्या फुलदाण्यांवर ठपका ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: या कारागिरांनी जुनी पात्रे पाहिलीच नाहीत, पाहिली ती पुस्तकांतली चित्रे. सोंग सम्राट हुइझोंगच्या संग्रहाची सचित्र सूची बाराव्या शतकातली. 1127 मध्ये त्याची राजधानी कायफंग जिन राजवटीच्या हाती पडली, संग्रह पांगला, सूची मात्र पुन्हा पुन्हा छापली गेली. लाकडी ठशांच्या चित्रांत वजन उतरत नाही, उठाव उतरत नाही. म्हणूनच मिंग फुलदाणीवरचा थाओथिए बऱ्याचदा माणसाळलेला वाटतो. हे मान्य करायलाच हवे. पण त्याला आता पितरांसमोर उभे राहायचेच नव्हते. जमिनीत मुरलेल्या कांस्यात फुले जास्त टिकतात, अशी त्या काळच्या रसिकांची समजूत होती, आणि अस्सल ‘गू’ मिळाले तर ते त्यातही फुलेच ठेवत. विधीचे पात्र फुलदाणी झाले ते त्यांच्याच घरात. सोनाराने त्या नव्या वापराला शोभेल असे रूप दिले. मग संग्रहालयांनी या फुलदाण्या शांग पात्रांच्या दालनात, शेजारी ठेवून खुज्या का ठरवाव्यात? त्यांची जागा मिंगकालीन मेजावर, धूपदाणी आणि शाईच्या शिळेसोबत आहे.