सायकलीची बैठक

सुमारें ४५० मीटर उंचीवरील जव्हारहून मोखाड्यास सायकलीनें जाणाऱ्याचे गुडघे दुखूं लागले, कीं दोष वयाला दिला जातो. आधीं सीट पाहावी. भिंतीचा आधार घेऊन बसावें व टांच खालच्या पायडलवर ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवतांच गुडघ्यास हवा तेवढा बांक राहतो. हातांस मुंग्या येत असल्यास सीटचें टोंक बहुधा खालीं झुकलेलें असतें, किंवा हँडल फार खालीं असतें; तें सीटच्या पातळीस आणावें. सीटच्या दांड्यावरील मर्यादेची खूण मात्र बाहेर दिसूं देऊं नये. घाट उतरतांना दांडा मोडणें जिवावरचें आहे.

एकत्र कुटुंबांत सायकल एक, स्वार अनेक! म्हणून दांड्यावर ज्याची त्याची रेघ ओढून ठेवावी. आमच्याकडे तीन रेघा आहेत. सर्वांत वरची सूनबाईंची.