एजंटने पासपोर्ट का मागितला?

ईदनंतरच्या आठवड्यात माझी नणंद चिपळूणहून सावर्ड्याला आली ती रागातच. तळोज्याला फ्लॅट बघून आली होती. फ्लॅट पसंत होता, पण एजंटने आधी आधार आणि पॅन मागितले, मग कुवेतला असलेल्या तिच्या मियाँच्या पासपोर्टची प्रत मागितली आणि शेवटी विचारले, पैसे कोणाच्या खात्यातून येणार? "भाभी, आपलं नाव बघूनच विचारतात हे. दुसऱ्याला कोण विचारतं?"

तिचा राग फुकटचा आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या भावाने मुंबईत नोकरी लागल्यावर भाड्याच्या खोलीसाठी तीन ठिकाणी नकार ऐकला आहे, आणि तोही आडनाव सांगितल्यावर. असे अनुभव आपल्या बहुतेक घरांत आहेत. पण नकार वेगळा आणि चौकशी वेगळी. मी तिला म्हटले, एजंटला फोन कर आणि विचार, हा फॉर्म सगळ्यांकडून भरून घेता का? एक कोरा फॉर्म पाठवा. त्याने लगेच पाठवला. त्यात धर्माचा रकानाच नव्हता. उलट तो म्हणाला, "ताई, नाही भरून घेतला तर मला त्रास होतो."

तो खोटे बोलत नव्हता. मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ चा. गुन्ह्यातून आलेला पैसा फिरवून फिरवून स्वच्छ दाखवणे थांबावे म्हणून तो केला. बँकांना त्याची सवय होऊन जमाना झाला. २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने इस्टेट एजंटांनाही त्यात आणले. वर्षाची उलाढाल २० लाख रुपये किंवा त्याहून जास्त असलेल्या एजंटाने ग्राहकाची ओळख पटवायची, व्यवहारामागे खरा पैसेवाला कोण ते पाहायचे, कागद पाच वर्षे जपायचे आणि संशय आला तर दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचे. म्हणजे आपल्या गावात संध्याकाळी जमिनी दाखवत फिरणारा ओळखीचा माणूस बहुधा यात येणार नाही. पण पुढे बँक आणि दुय्यम निबंधक कार्यालय कागद मागतेच, तेव्हा सुटका कुठेच नाही.

कागदांची गंमत अशी की आपण घरातून निघताना पहिले रेशनकार्ड पिशवीत टाकतो, आणि ओळखीसाठी मान्य असलेल्या कागदांत ते नाहीच. पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉबकार्ड, एवढे चालते. पॅन वेगळे द्यावे लागते; ते नसेल तर फॉर्म ६०. खरी अडचण नावांची. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहंमद, तिसऱ्यावर नुसते 'मोहद'. बायकांची कथा त्याहून लांब. आधारवर बापाचे नाव, मतदार यादीत नवऱ्याचे. निकाहनामा उर्दूत, तो एजंट वाचणार कसा? लग्नानंतर नाव बदललेले असेल तर सरकारी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद जोडली की जुन्या नावाचा कागदही चालतो, असे नियमच सांगतो. गावात ही नोंदणी ग्रामसेवक करतात. आपल्यातल्या कितीजणींनी केली आहे, हे एकदा घरात विचारून पाहा.

एवढे बोलून झाल्यावर मी सहज विचारले, फ्लॅट कोणाच्या नावावर घेणार? नणंद म्हणाली, "जेठांच्या. यांना रजा नाही, रजिस्ट्रेशनला कोण येणार?"

इथे मात्र माझा हात चहाच्या कपावरच थांबला. आखाती देशात राबणाऱ्या माणसाने पैसे पाठवायचे आणि जमीन-घर थोरल्या भावाच्या नावावर, ही कोकणातली जुनी रीत. भाऊ भला असेल तर काही बिघडत नाही, पण भाऊ गेल्यावर पुतणे तसेच असतील याची हमी कोण देणार? शिवाय बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा नोव्हेंबर २०१६ पासून फार कडक झाला आहे. स्वतःच्या ज्ञात कमाईतून बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर घेतले तर चालते. भाऊ-बहिणीच्या नावावर घ्यायचे तर कागदावर पैसे देणाऱ्याचेही नाव सहमालक म्हणून हवे. नुसते भावाचे नाव घातले आणि पैसा दुसऱ्याचा निघाला तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, एक ते सात वर्षे कैद आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडही. एजंटने "पैसे कोणाच्या खात्यातून" असे विचारले ते याच जागी बोट ठेवून. त्याच्या मनात काय होते ते असो, प्रश्न आपल्या फायद्याचा होता.

परदेशातील भारतीय नागरिकाला स्वतःच्या नावावर फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. रजा नसेल तर कुवेतच्या भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र करून पाठवायचे आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. पैसे त्यांच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून थेट जाऊ देत. इसारही रोख नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणे २०१५ पासून बंद आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो.

आणि हो, मागतो म्हणून सगळे व्हॉट्सॲपवर धाडू नका. आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत डाउनलोड करता येते, आधी तीच द्या. प्रत्येक झेरॉक्सवर कशासाठी दिली आणि तारीख लिहा, त्यावर सही करा. एजंटचा महारेरा नोंदणी क्रमांक मागून संकेतस्थळावर तपासा. तो आपली ओळख विचारतो, आपणही त्याची विचारावी. ओटीपी मात्र कोणालाच नाही.

नणंदेने रात्रीच कुवेतला फोन लावला. जेठांना कसे सांगायचे यावर दोघांचे बराच वेळ चालले, ते मी ऐकले नाही असे दाखवले. तिचा निकाह इथलाच, २००९ चा. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी ग्रामपंचायतीत जाणार आहोत. काझींच्या रजिस्टरची नक्कल मी काढून ठेवली आहे.