बंदूक थांबली, आता ग्रामसभेचे ऐका

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली. माओवाद्यांच्या पॉलिट ब्यूरोचा सदस्य असलेल्या नेत्याने शरण यावे, ही साधी घटना नव्हती. चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या एका रक्तरंजित प्रयोगाच्या अपयशाची ती कबुली होती. मात्र हा प्रयोग फसला म्हणून ज्या प्रश्नांवर तो उभा राहिला ते प्रश्नही निकालात निघाले, असे मानणे आत्मवंचना ठरेल.

हिंसेचे समर्थक एक युक्तिवाद नेहमी करतात. भूक, कुपोषण आणि वनखात्याचा जाच हीदेखील हिंसाच. मग तिला शस्त्राने उत्तर दिले तर बिघडले कुठे? या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे. ऐंशीच्या दशकात तेंदूपत्त्याची मजुरी वाढावी म्हणून नक्षलवाद्यांनी कंत्राटदारांवर दबाव आणला आणि त्यातूनच त्यांना गावागावांत पाठबळ मिळाले, हे नाकारता येणार नाही. पुढे त्याच कंत्राटदारांकडून खंडणी वसूल करून चळवळ चालू लागली. शोषणाविरुद्धचा लढा शोषणाच्याच अर्थकारणावर पोसला जाऊ लागला, तेव्हा त्याचा नैतिक आधार संपला.

मेले कोण?

ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक बळी पडला. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर आणि राजाराम खांदला परिसरातील चकमकींत ४० नक्षलवादी ठार झाले. याशिवाय ‘खबरी’ ठरवून ज्यांना मारले ते गावकरी वेगळेच. गणवेश कोणताही असो, या हिशेबात गरिबाघरच्या मुलांचेच मरण मोठे आहे. ज्यांच्या नावाने क्रांती करायची त्यांच्याच अंगणात प्रेते पडत असतील, तर साध्य कितीही उदात्त असले तरी साधनाचा दोष झाकला जात नाही.

हिंसेने आणखी एक, फारसे न दिसणारे नुकसान केले. सूरजागडच्या लोहखनिजाला आदिवासींचा विरोध होता. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे कित्येक वाहने जाळली. त्याने खाण कायमची थांबली नाही. उलट पोलीस बंदोबस्तात ती विस्तारत गेली. मात्र सनदशीर मार्गाने विरोध करणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. बंदुकीच्या आवाजात ग्रामसभेचा आवाज हरवला.

दुसरी वाट

याच जिल्ह्यात मेंढा (लेखा) या गावाने निराळे उत्तर शोधले. वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २००९ मध्ये या गावाने अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांकडे निर्णय सोपवला. बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो मानलाही गेला. बंदुकीला जे साधले नाही ते चिकाटी, कायदा आणि एकजूट यांनी साधले.

म्हणूनच आता कसोटी सरकारची आहे. सलवा जुडूमच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यसंस्थेलाही मर्यादा घालून दिली होती. कायद्याच्या रक्षणासाठी कायदाच मोडण्याची मुभा सरकारला नाही, हा त्या निकालाचा आशय होता. सूरजागडच्या विस्तारासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये खाणीच्या गावी झाली नाही, ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या गडचिरोली शहरात झाली. ज्यांच्या शेतांतून आणि घरांवरून खनिजाची धूळ उडणार, त्यांनाच आपले म्हणणे मांडण्यासाठी दिवसभराचा प्रवास करावा लागत असेल, तर त्या सुनावणीला अर्थ काय?

विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. गडचिरोलीला रस्ते हवेत, रुग्णालये हवीत, रोजगारही हवा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांसाठी आहे. तो तेथेच आणि ग्रामसभेच्या संमतीने खर्च व्हायला हवा. पण विकासाची अट मुकाट मान डोलावणे ही असू नये. लोकशाहीत ‘हो’ला जितकी किंमत आहे तितकीच शांतपणे उच्चारलेल्या ‘नाही’लाही असते. ती किंमत राखली गेली, तरच हिंसेचा मार्ग चुकीचा होता हे सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याकडे राहील. अन्यथा शांतता म्हणजे केवळ खनिजाच्या ट्रकांना मोकळा झालेला रस्ता, एवढाच तिचा अर्थ उरेल.