नकार देण्याची ऐपत

देशातील एखाद्या मध्यम शहराच्या जुन्या व्यायामशाळेत डोकावले, तर एका भिंतीवर मारुतीरायाची तसबीर आणि समोरच्या भिंतीवर दंड फुगवून उभे असलेले अर्नोल्ड श्वार्झनेगर, अशी जोडी आजही अनेकदा दिसते. ते चित्र पाहून घाम गाळणाऱ्या तरुणांना त्यातून एकच अर्थ उमगतो : इच्छाशक्ती असेल, तर ऑस्ट्रियातल्या खेड्यातला कफल्लक मुलगा अमेरिकेत जाऊन जगज्जेता शरीरसौष्ठवपटू, कोट्यधीश नट आणि पुढे एका मोठ्या राज्याचा गव्हर्नर होऊ शकतो. हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. चित्रात दंड दिसतात, खातेवही दिसत नाही. श्वार्झनेगर यांच्या आयुष्याचे खरे मर्म मात्र त्या न दिसणाऱ्या वहीत आहे, आणि त्यांच्या कारकिर्दीचे मोठेपण व उणेपण दोन्ही तिथेच सापडतात.

ग्राझ शहराजवळील थाल या खेड्यात ३० जुलै १९४७ रोजी त्यांचा जन्म झाला. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. घरात नळाचे पाणी नव्हते, दूरध्वनी नव्हता. वडील गुस्ताव हे पोलीस अधिकारी. ते नाझी पक्षाचे सदस्य होते आणि युद्धात लढलेले होते. पराभवाची कटुता दारूत बुडवणाऱ्या त्या पिढीतील पुरुषांविषयी श्वार्झनेगर अलीकडच्या काळात, विशेषतः २०२१ नंतर, जाहीरपणे आणि मोकळेपणाने बोलले आहेत. अशा घरातील मुलाच्या हाती एक मासिक पडले. त्यात रेग पार्क यांची छायाचित्रे होती. पार्क हे ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले होते आणि त्या बळावर चित्रपटांत हर्क्युलिसची भूमिका करत होते. मुलाने त्यांच्या देहाबरोबर त्यांच्या आयुष्याचा आराखडाही उचलला : आधी शरीर, मग किताब, मग पडदा. १९६५ साली सैन्यात सक्तीची नोकरी करत असताना छावणीतून पळ काढून ते श्टुटगार्टला गेले, कनिष्ठ गटातील ‘मिस्टर युरोप’ हा किताब जिंकून परतले आणि आठवडाभर लष्करी कोठडीत बसले. ही गोष्ट सर्वांना आवडते, कारण ती बंडखोरीची आहे. तिच्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

१९६६ मध्ये लंडनच्या स्पर्धेत ते दुसरे आले. तेथील एक परीक्षक वॅग बेनेट यांनी या परक्या, इंग्रजी न येणाऱ्या पोराला आपल्या घरी ठेवून घेतले. पूर्व लंडनमधील त्या मुलाबाळांनी भरलेल्या घरात त्याला खायला-प्यायला मिळाले, भाषा मिळाली आणि सरावाला व्यायामशाळा मिळाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी ‘मिस्टर युनिव्हर्स’ किताब पटकावला. १९६८ मध्ये ते अमेरिकेत उतरले, तेव्हा तिकिटाची, निवाऱ्याची आणि आठवड्याच्या खर्चाची सोय जो वायडर या मासिक-प्रकाशकाने केली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला व्यायामशाळेतील सोबती त्यांच्या रिकाम्या बिऱ्हाडात उशा, पांघरुणे आणि ताटवाट्या घेऊन आले. हे सारे श्वार्झनेगर यांनी स्वतः पुन्हा पुन्हा सांगितले आहे. २०१७ साली ह्यूस्टन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तर त्यांनी, आपल्याला ‘स्वयंभू’ पुरुष म्हणू नका, असेच बजावले. चाहते त्यांचे बाकी सर्व ऐकतात, एवढे एक मात्र कानाआड करतात.

१९७० पासून १९७५ पर्यंत सलग सहा वेळा ‘मिस्टर ऑलिंपिया’ ठरलेल्या या माणसाची त्या काळातील उपजीविका कशावर चालत होती, हा प्रश्न बँकेच्या वाचकांना पडायला हवा. शरीरसौष्ठवातील बक्षिसे तेव्हा तुटपुंजी होती. उत्तर असे, की ते विटा रचत होते. सार्डिनियाहून आलेला त्यांचा जिवलग मित्र फ्रँको कोलंबू गवंडीकाम जाणत होता. दोघांनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन आपण युरोपीय पद्धतीचे गवंडी असल्याचे जाहीर केले, कारण कॅलिफोर्नियात ‘युरोपीय’ या शब्दाला तेव्हा भाव होता. गिऱ्हाइकासमोर दरावरून दोघे जर्मन भाषेत कडाकडा भांडत. मग श्वार्झनेगर गिऱ्हाइकाकडे वळून सांगत, की मित्र फार हट्टी आहे, पण त्याला थोडे खाली आणले आहे. गिऱ्हाईक खूश होई. फेब्रुवारी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोठा भूकंप झाला, घराघरांची धुराडी आणि कुंपणभिंती ढासळल्या आणि या दोघांना कामाची ददात उरली नाही. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण या जगज्जेत्यांनी इतरांची घरे बांधून अनुभवली, असे गमतीने म्हणता येईल. जोडीला व्यायामाच्या पुस्तिका टपालाने विकण्याचा व्यवसाय होता आणि संध्याकाळी महाविद्यालयातील वर्ग होते. लेखाकर्म, अर्थशास्त्र, विपणन असे विषय घेत घेत १९७९ साली त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सुपीरियर येथील शाखेची पदवीही मिळवली. सात वेळा ऑलिंपिया किताब मिळवणाऱ्याला (सातवा १९८० मध्ये सिडनीत) पदवीची काय गरज, असे विचारणाऱ्यांनी पुढील हिशेब पाहावा.

१९७४ साली त्यांनी सांता मोनिकामध्ये सहा घरांची एक इमारत घेतली. आत्मचरित्रात त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार किंमत होती २ लाख १४ हजार डॉलर. बँकेच्या परिभाषेत ज्याला मार्जिन म्हणतात, ती रक्कम ३७ हजार डॉलर, म्हणजे किमतीच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी. त्यातील २७ हजार स्वतःच्या बचतीचे आणि १० हजार वायडर यांच्याकडून उसने. बाकी कर्ज. एका घरात स्वतः राहायचे, उरलेली भाड्याने द्यायची आणि आलेल्या भाड्यातून हप्ता फेडायचा, अशी ही मांडणी होती. काही काळाने ती इमारत नफ्यात विकून त्यांनी बारा घरांची इमारत घेतली. विक्रीची रक्कम तशाच मालमत्तेत पुन्हा गुंतवली, तर नफ्यावरील कर पुढे ढकलता येतो, या अमेरिकी तरतुदीचा लाभ घेत ते अशा पायऱ्या चढत गेले. चित्रपटात नाव होण्यापूर्वीच आपण दशलक्ष डॉलरचे धनी झालो होतो, असे ते सांगतात.

यात त्यांची दूरदृष्टी होतीच, पण काळाचा हातही मोठा होता. १९७४ साली अमेरिकेतील महागाईचा दर अकरा टक्क्यांच्या घरात होता. त्या काळी तेथील गृहकर्जाचा व्याजदर बहुधा मुदतभर स्थिर असे. त्यामुळे घरांच्या किमती आणि भाडी वाढत गेली, हप्ता मात्र जागचा हलला नाही. ऋणकोला इतके अनुकूल दशक पुन्हा क्वचितच आले असेल. भारतातील बहुतेक महानगरांत घरभाड्यातून मिळणारा परतावा गृहकर्जाच्या व्याजाहून बराच कमी असतो. तेव्हा सांता मोनिकाचा कित्ता दादर किंवा कोथरूडमध्ये जसाच्या तसा गिरवू पाहणाऱ्याने आधी कागद-पेन्सिल घ्यावी, हे बरे.

या इमारतींनी त्यांना जे दिले, ते केवळ धन नव्हते. त्यांनी नकार देण्याची ऐपत दिली. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अवतरणाऱ्या हर्क्युलिसवरील एका चित्रपटात त्यांना पहिली भूमिका मिळाली, तेव्हा निर्मात्यांनी त्यांचे आडनाव बदलून ‘स्ट्राँग’ केले होते आणि आवाज दुसऱ्याचा घातला होता. आडनाव लांब, उच्चार परका आणि देह अवाढव्य, अशी तिहेरी अडचण दाखवून दारे बंद केली जात होती. जी उघडत, ती पहारेकरी किंवा गुंड यांच्या किरकोळ भूमिकांसाठी. भाड्याची चिंता असलेला नट अशा भूमिका घेतो, आणि घेता घेता तेवढाच उरतो. श्वार्झनेगर यांना भाडे भरायचे नव्हते, ते भाडे घेत होते. म्हणून त्यांना थांबता आले. १९७६ च्या ‘स्टे हंग्री’ने त्यांना पदार्पणाचा गोल्डन ग्लोब मिळवून दिला, १९७७ च्या ‘पंपिंग आयर्न’ या माहितीपटाने घराघरांत नेले, आणि ‘कोनन द बार्बेरियन’ पडद्यावर यायला १९८२ साल उजाडले. इतकी वर्षे तग धरणे हे दंडाच्या बळावर जमत नाही.

‘द टर्मिनेटर’च्या (१९८४) बाबतीत तर त्यांच्या नावाचा विचार आधी नायकाच्या भूमिकेसाठी होत होता. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांच्याशी बोलताना ते यंत्रमानवाविषयीच इतके तपशिलाने बोलत राहिले, की ती भूमिकाच त्यांच्याकडे आली. ज्या घोगऱ्या, तुटक उच्चारांची एरवी थट्टा होई, ते यंत्राच्या तोंडी अगदी चपखल बसले. पण हिशेबी माणूस म्हणून त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय १९८८ च्या ‘ट्विन्स’चा होता. विनोदी चित्रपटात त्यांना पैसे लावायला कोणी धजत नव्हते. तेव्हा ते, सहनट डॅनी डीव्हिटो आणि दिग्दर्शक आयव्हन राइटमन यांनी मानधनच सोडले आणि त्याऐवजी नफ्यात वाटा मागितला. चित्रपटाने जगभरात २० कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. जोखीम स्वतःच्या अंगावर घेण्याची ही मोकळीक पुन्हा त्या भाडेकरूंनीच दिलेली होती.

खातेवहीत नावे पडलेल्या रकमाही पाहिल्या पाहिजेत. स्पर्धेच्या काळात स्टेरॉइड घेतल्याचे श्वार्झनेगर यांनी नाकारलेले नाही. ती औषधे तेव्हा अमेरिकेत बेकायदा नव्हती. १९९० च्या कायद्याने ती नियंत्रित झाली, आणि तरुणांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये असे त्यांनीही नंतर सांगितले. १९९७ मध्ये त्यांच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली, २०१८ मध्ये पुन्हा झाली आणि २०२४ मध्ये पेसमेकर बसवावा लागला. झडपेचा दोष जन्मजात होता, हे खरे. तरीही भिंतीवरील चित्र पाहून अनोळखी माणसाकडून इंजेक्शन विकत घेणाऱ्या मुलाला हा अर्धा भाग कोणी सांगत नाही, याचा दोष व्यायामशाळा चालवणाऱ्यांनी स्वीकारायला हवा. घरातील हिशेब याहून वाईट निघाला. घरकामासाठी असलेल्या स्त्रीपासून आपल्याला एक मूल आहे, हे त्यांनी पत्नी मारिया श्रायव्हर यांच्यापासून वर्षानुवर्षे लपवले. २०११ मध्ये ते उघड झाले आणि पंचवीस वर्षांचा संसार तुटला. २००३ च्या निवडणुकीच्या वेळी अनेक स्त्रियांनी असभ्य वर्तनाचे आरोप केले होते, तेव्हा त्यांनी माफी मागितली होती. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना हे परिच्छेद गाळण्याची रीत आहे. ती सोडलेली बरी.

आता राहिला गव्हर्नरपदाचा काळ, आणि इथे या हिशेबी माणसाचे वागणे सर्वांत अनाकलनीय आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये ग्रे डेव्हिस यांना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावले आणि श्वार्झनेगर निवडून आले. शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी वाहनकरातील वाढ रद्द केली. राज्याचे वर्षाला सुमारे ४०० कोटी डॉलरचे उत्पन्न गेले. लोक सुखावले, पण आयजीच्या जिवावर बायजी उदार, असाच तो प्रकार होता. त्यांचे सल्लागार वॉरन बफे यांनी १९७८ पासून गोठवल्या गेलेल्या मालमत्ताकराचा फेरविचार सुचवला, तर पुन्हा हा विषय काढल्यास पाचशे उठाबशा काढाव्या लागतील, अशी थट्टा करून त्यांनी तो उडवून लावला. ज्याने घरमालकीतून पहिली संपत्ती कमावली, त्याला घरमालकांना दुखवणे जड गेले असावे. मग मार्च २००४ मध्ये तूट भरून काढण्यासाठी १,५०० कोटी डॉलरच्या रोख्यांना मतदारांची मंजुरी घेतली गेली. १९७४ चे कर्ज भाडे देणाऱ्या इमारतीसाठी होते. २००४ चे कर्ज आदल्या वर्षांचा खर्च भागवण्यासाठी होते. ऋण काढून सण, हे आपल्याकडे ज्याला म्हणतात, त्याचेच हे सरकारी रूप.

त्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. अर्थसंकल्पाला विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमत लागत असे आणि दोन्ही पक्ष हटून बसत. २००८ च्या मंदीने करांचे उत्पन्न कोसळले. २००६ चा हवामानविषयक कायदा हे त्यांचे टिकाऊ काम मानावे लागेल. पण मंदी आली तेव्हा राज्याच्या गाठीशी काही नव्हते, आणि गाठीशी काही असण्याचे मोल त्या राज्यात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

जुलै २००९ मध्ये कॅलिफोर्नियाची तिजोरी इतकी रिकामी झाली, की ठेकेदार, पुरवठादार आणि कराचा परतावा मिळणे असलेले नागरिक यांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या देण्यात आल्या. त्यांवर वार्षिक ३.७५ टक्के व्याज होते. सुरुवातीला बँकांनी त्या वटवल्या. दहा जुलैनंतर बहुतेक मोठ्या बँकांनी त्या घेण्यास नकार दिला. कागद हातात, पण किराणा कशाने आणायचा, अशा पेचात लहान ठेकेदार सापडले. त्यांत विटा रचणारेही असतील. सप्टेंबरात राज्याने त्या चिठ्ठ्या व्याजासह परत घ्यायला सुरुवात केली.